वाळकाच्या बियांचं ऑनलाइन दुकान

तीर्थपुरी
१६ मार्च २०२५

गोरख,

सुखी राह्य. शीतलला आणि लेकरांना आत्याचा आशीर्वाद सांग.

फोन करायचा सोडून पत्र कामून लिहून राह्यली, असं म्हणशील. एक तर मला फोनमधलं ऐकू येत न्हाई, हॅलो हॅलो करण्यातच माझा जीव जातो. दुसरं, फोनमधून वाळकाचं बी पाठवता येत न्हाई. आपल्या गावच्या कडूबाची काळी-पिवळी जीप रोज सकाळी जालन्याला जाती, तुझ्या दुकानापुढूनच वळती. त्याच्याच हाती देते. तूबी त्याच्याच हाती देत जा.

काम असं हाय. संपतनं यंदा सगळ्या रानात ऊस घालायचं ठरवलंय. बांधबी मोकळा ठिवणार न्हाई म्हणतो. माझा लेक हाय, पण ऊस म्हणलं की त्याला आईबी दिसत न्हाई. म्हणजे यंदा वाळूक लावायला मला वीतभर जागा न्हाई. हे बी माझ्या आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, लग्नात माझ्या ओटीत घातल्तं. तवापासून दर मृगाला लावलं. गेली दोन सालं गुडघ्यापायी तेबी झालं न्हाई. आता सुक्या भोपळ्याच्या तुंबड्यातलं बी दोन सालाचं झालंय. आणखी एक साल ठिवलं तर उगवायचं न्हाई. गावात कोणी लावत न्हाई, सगळ्यांना पाकिटातली काकडी पाहिजे. चौघांना दिलं, चौघांनीबी कोंबड्यांपुढं टाकलं. या मृगाला हे बी कुणाच्या तरी रानात पडलं न्हाई, तर ते वाळूक संपलं म्हणून समज. तूच लहानपणी बांधावर बसून एका दमात तीन खायचास आणि मंग पोट धरून बसायचास.

तू ऑनलाइनचं दुकान चालवतोस, लोकांचे फॉर्म भरतोस. तर हे बी ऑनलाइनवर ठिव. पण दोन गोष्टी बराबर ध्यानात घे. बी विकायचं न्हाई. मूठभर द्यायचं, आणि पीक निघाल्यावर दोन मुठी परत घ्यायचं. आईचा रिवाज हाय, मी मोडणार न्हाई. दुसरं, बी कधी एका घरात ठिवू नये. म्हणून या पत्रात एक पुडी घातली. राखेत हाय, राख झाडू नको. अंगणात लाव.

तुझी आत्या
साखराबाई


जालना
२९ मार्च २०२५

आत्या,

पाया पडतो, इथूनच. वाकलो तर माझेबी गुडघे बोलतात आता.

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून विचार करत बसलो. शीतलनं मला तसं बसलेलं बघितलं आणि म्हणली, "आता कोणता धंदा?" बायकोला नवऱ्याचा चेहरा वाचता येतो ते असं. तुला माझा इतिहास ठाऊक आहे. मी रिचार्जचं दुकान टाकलं आणि त्याच साली सगळं जालना घरबसल्या रिचार्ज करायला शिकलं. मंग थंड पाण्याच्या जारचा धंदा केला. आमच्याच गल्लीत आधीचे तीन जारवाले आहेत, हे मला चाळीस जार विकत घेतल्यावर कळलं. ते जार अजून गच्चीवर रांगेत उभे आहेत. शीतल त्यांना "साहेबांची फौज" म्हणते.

पण या वेळी मी घाई करणार न्हाई. दुकान मांडायचं तर आधी जागा बराबर निवडायची. ऑनलाइनमधी जागेला प्लॅटफॉर्म म्हणतात. मी सगळ्यांची तुलना करायला एक तक्ता केलाय, त्यात बावीस रकाने आहेत. तुझ्यासाठी थोडक्यात सांगतो. एक आहे मोठा बाजार, जिथं सारं जग चपला आणि कुकर विकतं. तिथं बसायचं तर ब्रँड काय, बारकोड काय, शंभर प्रश्न. दुसरं म्हणजे स्वतःची वेबसाइट. त्याला महिन्याचं भाडं, पण पाटी आपली. तिसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा आणि ज्याला पाहिजे त्यानं तिथंच मागायचं. हे फुकट आहे आणि दहा मिनिटांत होतं. म्हणूनच मला ते पटलं न्हाई. दहा मिनिटांत झालेल्या दुकानाला कोण विचारतं?

तर वेबसाइटच करू. दोन अडचणी आहेत. किमतीच्या जागी शून्य टाकलं की पैसे घ्यायचं टूल पुढं जात न्हाई, तिथंच गोल गोल फिरत बसतं. आणि ते विचारतात, माल परत किती दिवसांत? तेवढं कळव.

पुडी मिळाली. टेबलाच्या खणात नीट ठेवली आहे.

तुझा
गोरख


तीर्थपुरी
४ एप्रिल २०२५

गोरख,

तुझं पत्र बेबीनंदानं मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी सून तशी कमी हसती, पण बावीस रकान्याला लई हसली.

ते तिसरं करून टाक. बाजारात बसायला आधी गोणपाट लागतं. दुकान मागून बांधता येतं.

माल परत किती दिवसांत, असं विचारलंस. दिवाळीनंतर. दुप्पट. आणि शून्यावर अडत असल तर त्या टूलला सांग, आमच्यात असंच असतं.

पुडी खणात कशाला ठिवली? खणात वेल येत असतोय का? उन्हाळ्यातबी रोज पाणी घातलं तर दोन-चार वाळकं येतील. तुझ्या लेकरांनी ती चव बघितलीच न्हाई. आणखी एक पुडी पाठवते. ही तरी लाव. मृगाला दोन महिने राह्यले.

आत्या


जालना
२७ एप्रिल २०२५

आत्या,

उशीर झाला, माफ कर. पण मी रिकामा बसलो नव्हतो. रिकामं बसण्यापेक्षा जास्त मेहनतीचं काहीतरी करून राह्यलो होतो, एवढंच.

तुझी परतीची अट मी फॉर्ममधी लिहिली. तिथं तीस दिवसांच्या वर आकडा जात न्हाई. मंग कस्टमर केअरला फोन लावला. एक पोरगी फार गोड बोलली. मी म्हणलो, गिऱ्हाईक सात महिन्यांनी माल परत करणार. ती म्हणली, बरं सर. मी म्हणलो, दुप्पट करून परत करणार. मंग म्हणली, "सर, मी तुम्हाला माझ्या सीनियरशी जोडून देते." सीनियरनं मला विचारलं की ही साखळी योजना आहे का, आणि पोलिसात कुणी तक्रार केली आहे का. मी फोन ठेवून दिला. शीतल पलीकडं कांदा चिरत होती. कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणती, पण ती हसत होती.

लोगो मात्र झाला. त्याला अकरा दिवस लागले. आधी वाळूक काढलं, ते काकडीसारखं दिसलं. मंग मी त्याला पट्टे दिले, तर ते मांजरासारखं दिसायला लागलं. शेवटी नुसतं एक हिरवं पान ठेवलं. नाव ठेवलंय "साखराज् ऑरगॅनिक". ऐकायला भारी वाटतं न्हाई?

आता मुद्द्याचं. ऑनलाइनमधी फोटो म्हणजे सगळं. परवा कडूबानं तुझ्या बियांचा फोटो काढून पाठवला. आत्या, रागावू नको, पण त्यात बी दिसतच न्हाई, चुलीतली राख दिसती. असं कोण मागवणार? मी तज्ज्ञ लोकांचे व्हिडिओ बघितले आहेत. त्यांचं म्हणणं, मालाचं पॅकिंग असं पाहिजे की बघणाऱ्याला हात लावावा वाटलं पाहिजे. म्हणून कडूबाबरोबर झिपचे पाउच पाठवतो आहे. काचेवानी स्वच्छ आहेत. बी चांगलं धुऊन, राख पार काढून, पाउचात भर. झिप घट्ट लाव, हवा जाता कामा नये. आणि जल्दी कर. पुढच्या आठवड्यात मला फोटो टाकायचे आहेत. ऑर्डर आली की पाउच तिकडूनच निघतील.

हो, पुडी लावली बरं का. चौथ्या दिवशी कोंब आला आणि आठव्या दिवशी पिवळं फूल. वेल मस्त चढून राह्यलाय.

तुझा
गोरख


तीर्थपुरी
९ मे २०२५

गोरख,

पाउच मिळाले. बेबीनंदाला लई आवडले, दोन तिनं बांगड्या ठिवायला घेतले.

राख काढायचं वाचलं तवा मी दोन दिवस थांबले. आमच्यात बी राखंत ठिवतात, ते काय दिसायला न्हाई. राख ओल धरती, किडा येऊ देत न्हाई. माझ्या आईनंबी तसंच ठिवलं. पण तू शिकलेला, चार माणसांत बसतोस, व्हिडिओ बघतोस. मला काय ऑनलाइन कळतंय? आपलंच जुनं धरून बसायचं आणि मंग बी संपलं म्हणून रडायचं, असं कशाला, म्हणून तुंबडं उघडलं. सगळं बी धुतलं. ऊन दोनच दिवस मिळालं, वैशाखात आभाळ आल्तं. हाताला जरा ओलसर लागत होतं, पण तू जल्दी म्हणलास म्हणून भरून टाकलं. झिप बराबर लावली. कपाटात रांगेनं ठिवलंय. दिसतंय मात्र छान, खोटं कशाला बोलू.

माझं नाव पाटीवर कशाला घातलंस? मी काय मेले का?

आठव्या दिवशी फूल आलं म्हणतोस. जालन्याची माती लई चांगली दिसती. आमच्याकडं महिना लागतो.

धुवायच्या आधी एक पुडी बाजूला काढली होती, ती यात घालते. राखंतलीच हाय. घरच्या माणसाला काय धुऊन द्यायचं? मृगाला महिना राह्यला, गोरख.

आत्या


जालना
५ जून २०२५

आत्या,

मृग तीन दिवसांवर आलाय हे मला माहीत आहे. शीतल रोज सकाळी चहाबरोबर तेवढंच सांगते.

दुकान नव्वद टक्के झालंय. नव्वद टक्के म्हणजे काय, ते मीच तुला खरं सांगतो, कारण बाकी कुणी सांगायचं न्हाई. मी पहिला प्लॅटफॉर्म चौदा दिवस फुकट वापरायला घेतला. तेरा दिवस रंग निवडले. चौदाव्या दिवशी ते म्हणले, आता पैसे भर. मंग दुसरा घेतला चौदा दिवस. त्याचा रंग पहिल्यासारखा करायला बारा दिवस गेले. मंग शीतलच्या नावानं परत पहिला घेतला. असं करत करत दोन महिने मी एकाच दुकानाला तीनदा चुना लावला.

मधी एक यंत्र बसवलं, जे गिऱ्हाइकाशी आपोआप बोलतं. मी स्वतःच गिऱ्हाईक होऊन त्याला विचारलं, वाळूक कधी लावायचं? ते म्हणलं, "आपल्या प्रश्नाबद्दल आभारी आहोत. आपली ऑर्डर वाटेत आहे." पाठवणारा मी, मागवणारा मी, आणि ऑर्डर वाटेत. एवढं सुखी दुकान मी बघितलं न्हाई.

आतापर्यंत एक ऑर्डर आली. ती शीतलची, तपासायला दिलेली. किंमत एक रुपया ठेवली होती, कारण शून्य चालत न्हाई. रुपया अजून कुठंतरी फिरून राह्यलाय.

मृग हुकला तर हुकला. आर्द्रा आहे ना? बावीस तारखेच्या आत उघडतोच, बिलकुल.

आपला वेल जोरात आहे. काल एक वाळूक तोडलं, लेकरांनी मीठ लावून खाल्लं.

तुझा
गोरख


तीर्थपुरी
२६ जून २०२५

गोरख,

सगळं बी गेलं.

आर्द्रा लागल्या तवा मी तुझी वाट बघायची सोडली. रविवारी जांब समर्थला गेल्ते. बेबीनंदाच्या माहेरची माणसं आली होती, त्यातला एक म्हणला, आमच्या परसात लावतो. त्याला द्यायला म्हणून घरी येऊन कपाट उघडलं. पाउचात आतून पाण्याचे थेंब होते. वरून पांढरी बुरशी. झिप उघडली तर वास आला. मी म्हणलं, एखादं असल. बेबीनंदानं सगळे उघडले. सगळे तसेच. त्यातलं बरं दिसलं ते बी निवडून ओल्या फडक्यात बांधून ठिवलं. तीन दिवस बघितलं. एकबी उगवलं न्हाई. काल फडकं धुऊन वाळत घातलं.

मी तुला बोल लावत न्हाई. हात माझेच होते.

तुंबडं रिकामं हाय. या पत्रात पुडी न्हाई, कारण घालायला काहीच न्हाई. संपत म्हणला, "आई, बाजारात काकडीचं बी मिळतं की." मी उठून आत गेले.

आता तेवढा तुझ्या अंगणातला वेलच राह्यला. त्याच्यावर दोन वाळकं बियाला ठिव. लेकरांना म्हणावं, खाऊ नका. पार पिवळी होऊन देठातून गळू दे. तुझ्या वेलावरच आता माझ्या आईचं सगळं हाय, गोरख. किती फळं धरलीत ते लगेच कळव.

आत्या


जालना
४ जुलै २०२५

आत्या,

वेल न्हाई.

हे लिहायला मला आठ दिवस लागले. कडूबा रोज सकाळी गाडी थांबवून विचारायचा, पत्र हाय का? मी म्हणायचो, उद्या. कालपासून तो थांबत न्हाई, नुसता हॉर्न वाजवून जातो.

वेल कधीच नव्हता. पुडी मी लावलीच न्हाई. कोंब, फूल, लेकरांनी मीठ लावून खाल्लेलं वाळूक, सगळं खोटं. इथं अंगणच न्हाई आत्या, दारापुढं फरशी आहे, आणि फरशीवर माझी मोटारसायकल. आधी वाटलं, उद्या लावू. मंग तू विचारलंस, तर खरं सांगायची लाज वाटली. एकदा फूल आणल्यावर फळ आणणं भाग पडलं. बी धुवायला मी सांगितलं. प्लास्टिकात घालायला मी सांगितलं. वर जल्दीबी मीच म्हणलो. शेतकऱ्याचा नातू मी, आणि राख घाण दिसती म्हणलो. आजीनं बघितलं असतं तर त्याच राखेची चिमूट माझ्या तोंडाला लावली असती.

तुझं पत्र मी शीतलला वाचून दाखवलं. ती हसली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, "मंग पुड्या कुठंयत?"

मी खण उघडला. तुला माझा खण माहीत न्हाई. त्यात रिचार्जची जुनी कार्डं, जारच्या पावत्या, बंद पडलेलं कॅल्क्युलेटर, मुदत संपलेलं वॉरंटी कार्ड, आणि दोन पॅनकार्डं, जी लोक न्यायला आलेच न्हाईत. सगळ्यात खाली, तुझ्या पत्रांबरोबर, तिन्ही पुड्या. दोरा तुझ्या हातचा, तसाच. एकबी उघडली नव्हती. मी एक उघडली. राख कोरडी ठणठणीत. आत बी.

सहा बिया ओल्या फडक्यात ठेवल्या. आज तिसरा दिवस. पाच उगवल्या.

आत्या, मला रडू आलं. दुकानात एक जण उत्पन्नाच्या दाखल्याला बसला होता, तो म्हणला, साहेब, कुणी गेलं का? मी म्हणलो, न्हाई, आलंय.

मला माफ करू नको एवढ्यात. आधी सांग, आता काय करू? अजून लावायला वेळ आहे का? की तिन्ही पुड्या कडूबाबरोबर परत पाठवू? तुझ्या हाताला येईल, माझ्या हाताची मला खात्री न्हाई.

गोरख


तीर्थपुरी
७ जुलै २०२५

गोरख,

रडत बसू नको. काल पुनर्वसू लागला. अजून चालतंय.

परत पाठवू नको. इथं ऊस हाय. तूच लाव. अंगण न्हाई तर तुझी फौज हाय की गच्चीवर. जारचं वरचं तोंड काप, खाली भोकं पाड, माती आणि शेणखत भर. एका जारात दोनच बी, बोटाच्या एका पेराएवढं खोल. कठड्यावर दोरी बांध. पाणी सकाळी घाल. सगळं बी लावू नको, एक पुडी ठिव.

आणि रंग निवडत बसू नको.

आत्या


जालना
२ नोव्हेंबर २०२५

आत्या,

या पत्राबरोबर कडूबा तुला एक डबा देईल. उघडायच्या आधी पत्र वाच. न्हाई तर डबा आधी उघड, माझं कोण ऐकतंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी करवत घेऊन गच्चीवर गेलो. चाळीसातले बावीस जार कापले. शीतल म्हणली, "बावीसच कसे?" मी म्हणलो, तक्त्यात तेवढेच रकाने होते. या धंद्यात जारचा पहिल्यांदा उपयोग झाला. बावीस जारांत चव्वेचाळीस बिया घातल्या, तेहेतीस वर आल्या. खरं फूल कधी येतं ते मला आता कळलं. एकतिसाव्या दिवशी. तू मे महिन्यात लिहिलं होतंस, "आमच्याकडं महिना लागतो." ते वाक्य मी एकतिसाव्या दिवशी गच्चीवर उभं राहून परत वाचलं आणि माझे कान तापले.

सप्टेंबरात पावसानं छळलं, ते तुम्हीबी भोगलंय. जारांत पाणी साचलं. मी आणि शीतलनं भर पावसात एकेक जार तिरका करून पाणी काढलं. नऊ वेल सडले. बाकीचे कठड्यावरून उतरून दुकानाच्या पाटीवर आले. "गोरक्ष ऑनलाइन सर्व्हिसेस" मधलं ऑनलाइन आता पानांखाली गेलंय, नुसतं "गोरक्ष सर्व्हिसेस" दिसतं.

पहिलं वाळूक लेकरांनी खाल्लं. मीठ लावूनच. धाकटी म्हणली, "पप्पा, हे तुम्ही आधी कामून न्हाई आणलं?"

आता दुकानाचं ऐक. शीतलनं वाळकाचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "बी पाहिजे त्यानं मूठभर न्यावं, पुढच्या दिवाळीला दोन मुठी आणून द्याव्या." तिला किती वेळ लागला, विचारू नको. दहा मिनिटंबी न्हाई. हसनाबादचे राधेश्याम गुरुजी पेन्शनच्या कागदासाठी दुकानात आलते, त्यांनी सगळ्यात आधी मागितलं. मंग घनसावंगीच्या दोघी, मंग आमच्या गल्लीतला जुना जारवाला, ज्याच्यामुळं माझा धंदा बसला. एकवीस घरं झाली. दुप्पट परतीचं ऐकून कुणीच चमकलं न्हाई. गुरुजी तर म्हणले, "तसंच असतं की." मी त्या कस्टमर केअरच्या पोरीला फोन करून सांगणार होतो, पण शीतलनं फोन काढून घेतला.

साखराज् ऑरगॅनिक बंद केलं. प्लॅटफॉर्मवाल्यांचा मेल आला, "आम्हाला तुमची आठवण येते." एवढ्या वर्षांत मला असं कुणी लिहिलं न्हाई, तूबी न्हाई.

डब्यात बी आहे. तू तीन पुड्या दिल्या होत्यास. मी सहा पाठवतोय. राखेत आहेत. राख शीतलच्या माहेरच्या चुलीतली, झाडलेली न्हाई. एकवीस घरांचं वेगळं काढलंय.

तू मला बोल लावला न्हाईस, त्यानंच जास्त लागलं. तू चांगली शिवी दिली असतीस तर मी जुलैतच मोकळा झालो असतो. आता तरी दे.

तुझा
गोरख


तीर्थपुरी
९ नोव्हेंबर २०२५

गोरख,

डबा मिळाला. आधी डबाच उघडला.

बी चांगलं भरलंय. दाताखाली धरून बघितलं. सहा पुड्या मोजून घेतल्या, राख जरा कमी हाय, पण पहिल्या सालाला चालतंय. संपतला दाखवलं. त्यानं बराच वेळ हातात धरलं. मंग बांधावर गेला आणि उसाची एक सरी मोडली. पुढच्या मृगाला तिथं लाव म्हणला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ.

शिवी मागितलीस. देते, पण आधी एक ऐक. आठव्या दिवशी फूल आलं असं तू लिहिलंस, तवाच मला कळलं की तू पुडी लावली न्हाईस. बेबीनंदाबी म्हणली, भाऊजी थापा मारून राह्यलेत. तरी मी तिसरी पुडी पाठवली. कामून पाठवली? तू लावणार न्हाईस हे मला माहीत होतं. पण टाकणारबी न्हाईस, हेबी माहीत होतं. लहानपणी तुझ्या खिशात चिंचोके, तुटकी बटणं, मेलेला भुंगा, सगळं असायचं. तुझी आई खिसे उलटे करून धुवायची आणि तू ते सगळं परत वेचून भरायचास. तुझ्या हातून काही सुरू होत न्हाई गोरख, पण तुझ्या हातून काही हरवतबी न्हाई.

माझ्या आईनं सांगितलं होतं, बी एका घरात ठिवू नये. म्हणून तुझ्या शहाणपणावर तुंबडंभर सोडलं, आणि तुझ्या आळसावर तीन पुड्या ठिवल्या. सगळं तुझ्या शहाणपणानं गेलं. तुझा आळस तेवढा कामाला आला. वेलाचं मी मुद्दाम विचारलं, न्हाई तर तू तो खण या जन्मात उघडला नसतास. हीच शिवी समज.

पण खरं सांगते. पाउच उघडले त्या दिवशी मला वाटलं होतं, तो खणबी कुणी साफ केला असला तर? त्या आठ दिवसांत कडूबा रोज रिकाम्या हातानं यायचा आणि मला अन्न गोड लागत न्हाई असं झाल्तं. तुझं पत्र आलं तवा मी ते छातीशी धरून बसले. बेबीनंदाला आधी वाचू दिलं न्हाई.

सहातली एक पुडी परत पाठवते, याच पत्रात हाय. एकवीस घरं तू सांभाळ, ती तुझी. बांधावरचं मी बघते. ही पुडी मात्र लावू नको, उघडू नको, कुणाला देऊबी नको. शीतलला सांग, खण आवरायचा न्हाई.

नुसती ठिव.

आत्या